तबकडीचा डोळा

१

कपिलधारची यात्रा करून नीलम्मा शनिवारी सकाळच्या दुसऱ्या एसटीनं शिरूर कासारला उतरल्या, तेव्हा वाचनालयाच्या गच्चीवर तीन माणसं उभी होती आणि त्यांतलं एकही बोलत नव्हतं. मन्मथप्पा गच्चीवर आहेत आणि तरी शांतता आहे, म्हणजे काहीतरी विपरीत घडलं, हे त्यांनी खालूनच ओळखलं. प्रसादाची पिशवी काखेत धरून त्या जिना चढल्या.

मोठी पांढरी तबकडी आभाळाकडे तोंड करून जागच्या जागी उभी होती. पण तिच्या पुढ्यातल्या दांड्यावर नारळाएवढा जो डबा असायचा, तो नव्हता. गावानं त्या डब्याला 'डोळा' असं नाव दिलं होतं. दांड्याच्या टोकाला आता नुसता पोत्याचा तुकडा गुंडाळलेला होता, वरून लुगड्याच्या चिंधीनं बांधलेला.

"आक्का, डोळा गेला," अमरनाथ म्हणाला. विद्यापीठानं पाठवलेला हा लातूरकडचा इंजिनिअर पोरगेलासाच होता आणि आत्ता तर रडकुंडीला आला होता.

"दुसरा बसव की."

"दुसरा यायला वर्ष जाईल. त्याच्याशिवाय ही तबकडी म्हणजे नुसती परात आहे."

दोन हजार एक साल होतं. विद्यापीठं आणि मोठ्या प्रयोगशाळा ज्या वेगवान जाळ्यानं एकमेकींशी जोडलेल्या होत्या, ते जाळं प्रथमच शाळा, वाचनालयं आणि वस्तुसंग्रहालयांपर्यंत नेऊन बघायचं ठरलं होतं. शिरूरचं नशीब असं, की वाचनालय, शाळा आणि एका खोलीचं वस्तुसंग्रहालय ही तिन्ही एकाच आवारात होती. त्यामुळे संच इथं आला. सोमवारी अकरा वाजता औरंगाबादेत समिती पडद्यासमोर बसणार होती. पडद्यावर शिरूर दिसलं तर संच कायमचा राहणार. नाही दिसलं तर यादीतल्या पुढच्या नावाकडे जाणार. ते नाव होतं विजयसिंहदादांच्या कॉलेजचं.

आणि विजयसिंहदादा समोरच उभे होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

"टेलिफोनबाई, उगं डोकं शिणवू नका," ते शांतपणे म्हणाले. "चोर ठावं हाय आमाला. तुमची झाडणारी भामाबाई. काल दिवस मावळायच्या टायमाला पदराखाली गाठोडं घेऊन ह्याच जिन्यानं उतरली. आमच्या गड्यानं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. अन् आज पहाटं टोळीच्या ट्रकात बसून गेली ऊस तोडायला."

२

नीलम्मांना गाव टेलिफोनबाई म्हणायचं, कारण तीस वर्षं त्या शिरूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचा बोर्ड. या भोकातली दोरी त्या भोकात घातली की शिरूरचा माणूस सांगलीच्या माणसाशी बोलायचा. यंत्र आपोआप जोडायला लागलं तशा त्या निवृत्त झाल्या आणि वाचनालयाच्या चिटणीस झाल्या.

त्या काळी हंगाम लागला की कारखान्यांवरून कॉल यायचे. तीन मिनिटं मिळायची. तेवढ्यात लोक गळा काढून काय काय विचारायचे! शेळी व्याली का, म्हाताऱ्याचा खोकला कसाय. एक बाई दर साली एकदाच फोन करायची. "दाणे दिसले का?" एवढंच विचारायची. इकडून "दिसले" असं आलं, की "मंग झालं" म्हणून फोन ठेवायची. नीलम्मांना वाटायचं, शेतातल्या कणसांत दाणा भरला का, ते विचारत असावी. ऐकलेलं विसरायचं हा त्या कामाचा नियम होता. नियम त्यांनी पाळला, पण कान विसरले नव्हते. माणूस खोटं बोलायच्या आधी श्वास घेतो, हे त्या कानांना पक्कं ठाऊक होतं.

"दादा, अंमळ बाजूला व्हा," त्या म्हणाल्या आणि दांड्यापाशी वाकल्या.

चिंधीला गाठ नव्हती. दोन्ही टोकं पिळून, पीळ उलटा आत खोचला होता. तो सोडवून पोतं काढलं. डबा बसायची चार भोकं रिकामी होती, पण चारही नट आपापल्या बोल्टावर परत फिरवून ठेवलेले होते. सुट्या वायरीचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोऱ्यानं आवळलं होतं. आणि पोत्याच्या घडीतून मूठभर ज्वारी खाली सांडली.

"पाखरांनी आणली आसंल," मागून मन्मथप्पा म्हणाले. हे बाजारातले किराणा दुकानदार. दुकानाला लागूनच त्यांचं एसटीडी बूथ होतं.

"पाखरं दाणे खातात, अप्पा. पोत्यात बांधून ठेवत नाहीत."

नीलम्मांनी दाणे वेचून पदराच्या टोकाला बांधले.

"पाना कुठाय तुझा, अमरनाथ?"

अमरनाथनं श्वास घेतला. "पेटीत. पेटीला कुलूप होतं."

नीलम्मा जिना उतरायला लागल्या. खोटं पकडल्यावर लगेच बोलून दाखवायचं नसतं.

३

दुपारी त्या मन्मथप्पांच्या बूथवर जाऊन बसल्या. काचेच्या खोक्यात एक बाई मोठमोठ्यानं बोलत होती. बाहेर दोघं ताटकळत होते.

"शरणार्थ, आक्का. चहा सांगू?"

"सांगा. अप्पा, काल महाप्रसादाच्या पंगतीत तुम्ही दिसला नाहीत."

अप्पांनी श्वास घेतला. "होतो की. मागच्या बाजूला."

"मागच्या बाजूला वाढायला मीच होते."

अप्पा चहावाल्याला उगाच एक शिवी हासडून म्हणाले, "तुमच्या कानाला काय म्हणावं! दर्शन घेतलं अन् बीडला गेलतो. आता तुमी म्हणाल, कावून गेलतो? आक्का, तुमचं जाळं चालू झालं की बाया तिकडं फुकट बोलणार. तोंडबी दिसणार. मंग ह्या खोक्यात कोण घुसंल? म्हणून कॉम्प्युटर बघाया गेलतो. बूथाच्या जागी तेच टाकावं म्हणतो. पोरांना शिकवावं. दुकानदाराचं कार्ड हाय खिशात, बघा."

"मग यात्रेत होतो असं खोटं कशाला सांगितलं?"

"वाचनालयाच्या कमिटीतला माणूस म्हणून तुमी हसाल! म्हणाल, अप्पानं दुकान आधी मांडलं अन् देव मागं ठिवला."

नीलम्मा खरंच हसल्या. कार्डामागं दुकानदाराच्या हातची तारीख होती. डोळा पळवायचं कारण अप्पांना होतं, पण जाळं येणारच असं धरून चाललेला माणूस ते तोडायला कशाला जाईल?

उठता उठता त्यांनी विचारलं, "अप्पा, ट्रक कारखान्यावर कधी पोचेल?"

"उद्या रातीला. तवर त्यांचा कुठं ठावठिकाणा लागायचा न्हाई. अन् आक्का, दादांनी फौजदाराला सांगितलंय. सोमवारी धा वाजता तक्रार देणार. भामाबाईला कारखान्यावरनं उचलून आणणार."

४

अमरनाथ वाचनालयाच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. नीलम्मा त्याच्या शेजारी टेकल्या.

"पेटीला कुलूप नव्हतं ना रे?"

या वेळी त्यानं श्वासही घेतला नाही. "नव्हतं. आईचा नवस होता कपिलधारचा. संच एकटा सोडायचा नाही असा नियम आहे आणि मी सोडून गेलो. नोकरी जाईल म्हणून खोटं बोललो, आक्का."

"जिन्याची किल्ली?"

"भामाबाईंकडे दिली. त्या आठ दिवस माझं काम बघत होत्या. मी डोळा बसवला, काढला, पुन्हा बसवला. दर वेळी विचारायच्या, ह्याचा जीव कशात हाय? मी म्हटलं, मावशी, या डब्यात. हा गेला तर वर्षभर मिळायचा नाही. आता तुम्हीच याला जिवापाड जपा."

"असं म्हणालास तू?"

"म्हणालो. म्हणजे किंमत मीच सांगितली त्यांना!"

नीलम्मांना ते शब्द टोचले. त्या उठून मागच्या खोलीत गेल्या. दाराची किल्ली नेहमीच्या खिळ्यावर, कॅलेंडरच्या मागं होती. हे त्यांचं वस्तुसंग्रहालय. दोन वीरगळ, निजामाच्या वेळचं पितळी अडशेरी माप, दगडी जातं, लामणदिवे, आणि कोपऱ्यात भामाबाईनं दोन वर्षांपूर्वी आणून दिलेली कणगी. प्रत्येक वस्तूपुढं नीलम्मांच्या हातची चिठ्ठी. या सगळ्याची चित्रं जाळ्यावरून पुण्या-हैदराबादच्या अभ्यासकांना दिसणार होती.

खोली लख्ख झाडलेली होती. पळून जाणारी बाई जाण्याआधी झाडू मारते का?

५

रविवारी सकाळी विजयसिंहदादा आपणहून घरी आले. खुर्चीत बसले, गुळाचा चहा घेतला.

"बाई, माझा राग धरू नका. कॉलेज बी ह्याच तालुक्याचं हाय. आमची पोरं काय परकी हायत?"

"संच तुमच्याकडे गेला तर मला दुःख नाही, दादा. भामाबाईला चोर म्हणालात त्याचं आहे."

"मी न्हाई म्हणत, तिचे हात म्हणत्यात. ती चिंधी पाह्यली का? गाठ न्हाई, नुसता पीळ. उसाची मोळी आशीच बांधत्यात वाढ्यानं, शेंड्याच्या पाल्यानं. बावीस हंगाम तोडलेत तिनं. हाताला लागलेली सवय जातीय व्हय?"

नीलम्मांना हे कालच कळलं होतं. स्वतःशी कबूल करायचं तेवढं राहिलं होतं. डोळा भामाबाईनंच काढला होता. त्यात शंका उरली नाही.

दादा गेले आणि दारात संस्कृती उभी दिसली. भामाबाईची नात, सातवीतली. टोळी गेली की ही शिरूरला मावशीकडे राहायची, म्हणजे शाळा बुडत नसे. तिचे डोळे सुजले होते.

"टेलिफोनआज्जी, पोरी मला चोरट्याची म्हणाल्या. मी उद्या शाळेत येणार न्हाई."

"आजी जाणार नव्हती ना या वर्षी? मग कशी गेली?"

"आई एकाएकी तापली. तिच्या जागी कोणीतरी पायजे, म्हणून आजी उभी राह्यली. कोणाला सांगाया गेली तर तुमी समदे यात्रेला. पहाटं माझी वेणी घातली अन् गेली."

"जाताना काय म्हणाली? एकेक शब्द आठव."

पोरीनं नाक पुसलं. "म्हणाली, सोमवारी अकराला तोंड धुऊन, वेणी घालून त्या पडद्याम्होरं बस. आमच्या कारखान्यावरल्या साखरशाळेत बी तसाच पडदा बसवलाय म्हणं इंजिनिअर. मी तिथं येते. मी तुला दिसंन, तू मला दिस."

नीलम्मांनी हातातली बशी खाली ठेवली.

"असं म्हणाली? शनिवारी पहाटे?"

"व्हय. दोनदा म्हणाली."

डोळा शुक्रवारी संध्याकाळी निघाला होता. आणि शनिवारी पहाटे, ज्या बाईनं तो काढला तीच बाई नातीला सांगत होती, की सोमवारी मी तुला त्यातून दिसेन.

६

नीलम्मा स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. एकटीनं विचार करायची त्यांची जागा तीच होती.

चोर नट परत फिरवत नाही. वायरीच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून पिशवी बांधत नाही. झाडून काढत नाही. आणि सोमवारी डोळा चालू असणार अशी भामाबाईची खात्री होती, म्हणजे तो आपल्याला सापडेल अशीही खात्री होती. मग सापडावा म्हणून तिनं काहीतरी निरोप ठेवलाच असणार. पण तिला लिहिता येत नाही. सांगावं तर गाव यात्रेला गेलेलं.

त्यांनी पदराची गाठ सोडली. दाणे ताटात पडले. शेजारीच भाकरीच्या ज्वारीचा डबा होता. त्यातले चार दाणे त्यांनी ताटात टाकले. घरचे दाणे पांढरे, मोत्यासारखे. पोत्यातले तांबूस. ही तांबडी ज्वारी त्यांच्या लहानपणी शिवारात असे. आता कोणी पेरत नाही. कुठं बघितली बरं इतक्यात?

आणि कानात जुन्या एक्स्चेंजमधली दोरी जोडली गेली. "दाणे दिसले का?" "दिसले." "मंग झालं."

कणसांत दाणा भरल्याची ती चौकशी नव्हतीच.

अर्ध्या तासात त्यांनी सगळ्यांना वस्तुसंग्रहालयात बोलावलं. अमरनाथ धावतच आला. मन्मथप्पा गल्ला तसाच टाकून आले. विजयसिंहदादा घड्याळ बघत आले. संस्कृती दाराशी अंग चोरून उभी राहिली.

"डोळा भामाबाईनं काढला," नीलम्मा म्हणाल्या.

पोरीचा चेहरा पडला. दादांनी मान हलवली.

"आता ऐका, का काढला. ऊस तोडायला जाणारं घर सहा महिने बंद राहतं. निघताना घरातली मोलाची वस्तू ही माणसं उघड्यावर ठेवत नाहीत. दडवून जातात. शुक्रवारी आपण सगळे यात्रेला गेलो. अमरनाथनं किल्ली तिच्या हातात दिली आणि वर सांगितलं, जिवापाड जपा. तिच्या लेखी वाचनालय हे बंद ठेवलेलं घर झालं. इतकी मोलाची वस्तू गच्चीवर उघडी! ती रानातल्या खोपीत पाचटावर झोपलेली बाई. तिला झोप आली असती का? आठ दिवस बघून ठेवलं होतं, तसा तिनं डोळा सोडवला, नट जागेवर लावले, वायर झाकली आणि वस्तू आपल्या रीतीनं दडवली. शनिवारी माणसं परतली की सांगू, असा तिचा बेत होता. पण सून तापली."

"मंग चिठ्ठी ठिवायची कोणाकडनं तरी लिहून," दादा म्हणाले.

"ठेवली की. आपल्याला वाचता आली नाही." नीलम्मांनी तळहात उघडला. "वस्तू उचलली ती जागा रिकामी सोडायची नाही. जिथं दडवली तिथलेच मूठभर दाणे तिच्या जागी ठेवायचे. मागं राहिलेल्या म्हाताऱ्याला दाणे दिसले, की त्यानं समजायचं. मी वर्षानुवर्षं हा निरोप इकडचा तिकडं जोडून दिला आणि मला त्याचा अर्थ कळला नाही. आता सांगा, अप्पा, तुम्ही दाण्यांचे व्यापारी. ही ज्वारी तालुक्यात कुठं मिळेल?"

मन्मथप्पांनी दाणा दाताखाली धरला. "तांबडी? कुठंच न्हाई. माझ्या दुकानात वीस वर्षांत आली न्हाई." आणि मग त्यांचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. "आरं देवा."

कोपऱ्यातल्या कणगीपुढं नीलम्मांच्याच हातची चिठ्ठी होती : 'कणगी. तुरकाट्यांची, शेणामातीनं सारवलेली. धान्य साठवण्यासाठी.' भामाबाईनं ती दिली, तेव्हा तळाला सासूच्या वेळचं तांबड्या ज्वारीचं बी होतं. ते तसंच राहू दिलं होतं.

"संस्कृती, तू काढ," नीलम्मा म्हणाल्या. "कणगी तुमच्या घरची आहे."

पोरीनं खांद्यापर्यंत हात घातला. चाचपडली. ज्वारी सळसळली. मग तिनं दोन्ही हातांनी एक गाठोडं वर काढलं, जुन्या लुगड्याच्या सात घड्यांचं. आत डोळा होता, एक ओरखडा नसलेला.

अमरनाथनं तो उजेडाला धरून सगळीकडून बघितला. विजयसिंहदादांनी खिशातून तक्रारीचा कागद काढला, चार घड्या घालून परत ठेवला आणि संस्कृतीपाशी गेले.

"पोरी, शाळंत काय म्हणाल्या त्या पोरी?"

तिनं लुगड्याच्या घड्या छातीशी धरल्या.

"उद्या मी येतो शाळंत," दादा म्हणाले. "मीच आधी म्हणालतो ते. मीच मागं घेतो."

७

सोमवारी पावणेअकराला तबकडी कुठल्या कोनात वळवायची यावरून अमरनाथला घाम फुटला होता. अकरा वाजले. पडदा काळाच. अकरा वाजून चार मिनिटांनी त्यावर चौकोन उमटले. एकात औरंगाबादची समिती, एकात पुण्याच्या प्रयोगशाळेतले लोक, आणि तिसऱ्यात पत्र्याची भिंत, तिच्यापुढं दाटीनं बसलेली पोरं.

"शिरूर, तुम्ही दिसता आहात," औरंगाबादहून आवाज आला. "सुरुवात कशानं करणार?"

भाषण मन्मथप्पांच्या खिशात तयार होतं. पण तिसऱ्या चौकोनात पोरांना सारत एक म्हातारी पुढं आली. डोक्याला फडकं, हातावर पाचटाचे ताजे ओरखडे. पडद्याला नाक लावून ती आत बघायला लागली, त्यामुळे साऱ्या शिरूरला तिचा एकच डोळा दिसला, भला मोठा.

"मागं सर, आजी!" संस्कृती ओरडली.

म्हातारी मागं सरली. नातीला बघितलं, वेणी बघितली, आणि मग तिची नजर नीलम्मांवर गेली.

"काय वो टेलिफोनबाई! आसं कुणी घर उघडं टाकून जात्यात व्हय? मला घोर लागून राह्यलाता. दाणे दिसले का?"

खोलीत कोणी हसलं नाही. विजयसिंहदादा खाली बघत होते.

"दिसले," नीलम्मा म्हणाल्या.

"मंग झालं," भामाबाई म्हणाली, आणि सवयीनं उठायला लागली. तिला वाटलं, तीन मिनिटं झाली.

औरंगाबादच्या अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "या बाई कोण? आणि हे दाण्यांचं काय आहे?"

"बस, भामाबाई, बस," नीलम्मा म्हणाल्या. "इथं वेळ संपत नाही. ही मंडळी विचारताहेत, कणगी कशाकशासाठी असते. माझ्या चिठ्ठीत ते अर्धंच लिहिलं होतं. तू सांग."

आणि बाजूला सरकून, संस्कृतीला आपल्या खुर्चीवर बसवून, त्यांनी तीस वर्षं रोज उच्चारलेलं वाक्य पुन्हा एकदा उच्चारलं.

"बोला. लाईन जोडली आहे."